कित्ता : वाशिमकरांच्या नजरेतून जपान

आम्ही दोघं, म्हणजे आम्ही आणि आमची सौभाग्यवती, ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटाबरोबर जपानला जाऊन आलो. परदेशवारी पहिलीच. परतल्यापासून वाशिमात जो भेटतो तो विचारतो, "सर, काय पाहिलं?" बुलेट ट्रेन पाहिली, फुजीचा डोंगर पाहिला, नाराच्या बागेत माणसांना वाकून नमस्कार करणारी हरणं पाहिली. दारात जोडे काढून ठेवायची शिस्त पाहिली. ती आपल्याकडेही आहे, फक्त त्यांच्याकडे जोडे ओळीत असतात. हे सगळं तुम्ही मोबाईलवर पाहिलेलंच आहे. ते पुन्हा सांगण्यात तुमचा तास घालवणार नाही. आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचं ठरवलं आहे. ती गोष्ट म्हणजे नक्कल.

आमच्या वडिलांच्या पिढीत 'जपानी माल' हा शब्द नाक मुरडून उच्चारला जाई. जपानी म्हणजे स्वस्त, तकलादू, कुणाची तरी उचलेगिरी. मग आमच्या तरुणपणी त्याच शब्दाचा अर्थ उलटा झाला. रेडिओ जपानी असला की घरातला माणूस तो पाहुण्याला मुद्दाम दाखवी. एका पिढीत हे कसं झालं? बहुतेक लोक उत्तर देतात, "ते नकल करण्यात हुशार." म्हणणाऱ्याच्या मनात थोडी तुच्छताही असते. आमचा विषय तत्त्वज्ञान. त्यामुळे शब्द असा सहज वापरला गेला की आम्हाला तिथेच थांबावंसं वाटतं. नक्कल म्हणजे नेमकं काय? ती वाईटच असते का? जपानमध्ये हिंडताना हा प्रश्न आम्हाला तीन ठिकाणी भेटला. आणि प्रत्येक ठिकाणाहून एक वाट परत आपल्याकडे, थेट वाशिम जिल्ह्यात आली.

पहिलं ठिकाण इसे. शिंतो धर्मीयांचं हे सर्वात पूज्य देवस्थान. सूर्यदेवता आमातेरासूचं. नदीवरच्या लाकडी पुलावरून जायचं, दगडी कुंडावर हात धुवायचे, तोंड खळाळायचं आणि उंच झाडांमधून खडीच्या वाटेने चालायचं. शेवटी दिसतं काय? कुंपण. मुख्य मंदिर कुंपणांच्या आत असतं, सामान्य यात्रेकरूला फक्त छपराची टोकं दिसतात. आमच्या गटातले एकजण म्हणाले, "एवढं लांब येऊन दर्शन नाहीच का?" पण इसेची खरी गंमत शेजारच्या मोकळ्या जागेत आहे. मंदिराला लागून तेवढ्याच आकाराचा एक रिकामा भूखंड आहे. दर वीस वर्षांनी त्या रिकाम्या जागेवर हुबेहूब तसंच नवं मंदिर उभं करतात, देवता तिकडे नेतात आणि जुनं उतरवून ठेवतात. ही रीत इ.स. ६९० पासून चालू आहे. मधल्या यादवीच्या काळात शंभराहून अधिक वर्षं खंड पडला, पण पुढे धागा पुन्हा जोडून घेतला. बासष्टावी खेप २०१३ मध्ये झाली. पुढची २०३३ मध्ये येईल.

आता सांगा, हे मंदिर जुनं की नवं? लाकूड नवं, आणि घाट तेराशे वर्षांचा. आपल्याकडे 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला असंच कोड्यात टाकतो. तू रथातून आलास ना, मग रथ कोणता ते दाखव. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. भाग ज्या रीतीने एकत्र येतात, त्या रीतीला आपण रथ हे नाव देतो. इसेच्या सुतारांनी तीच गोष्ट हातांनी करून दाखवली आहे. लाकूड टिकत नाही हे त्यांनी मान्य केलं. टिकवायचं आहे ते बांधण्याचं ज्ञान. आणि वीस वर्षांचा हिशोब पाहा. विशीतला पोरगा पहिल्या खेपेला हाताखाली काम करतो, चाळिशीत स्वतः बांधतो, साठीत उभा राहून पुढच्यांना शिकवतो. एका आयुष्यात तीनदा. वीसऐवजी शंभर वर्षांचा नेम असता तर शिकवायला माणूसच उरला नसता.

जपानी भाषेत शिकण्याला 'मानाबु' म्हणतात आणि अनुकरण करण्याला 'मानेरु'. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानले जातात. त्यांच्या कलाविद्यांमध्ये शिष्याच्या तीन पायऱ्या सांगतात: शू, हा, री. आधी गुरूचं जसंच्या तसं पाळायचं, मग ते मोडून पाहायचं, मग त्यातून बाहेर पडायचं. ऐकायला नवं वाटतं ना? पण आपल्याकडे शब्द आहे: कित्ता. आमच्या वयाच्या लोकांनी पाटीवर अक्षर गिरवलेलं आहे. गुरुजींनी काढून दिलेल्या 'अ'वरून पेन्सिल इतक्यांदा फिरवायची की तो 'अ' हातात उतरायचा. पुढे प्रत्येकाचं अक्षर वेगळंच झालं. पण गिरवल्याशिवाय कुणाचंच झालं नाही.

दुसरं ठिकाण होर्यूजी. नारा शहराजवळचा हा बौद्ध विहार राजपुत्र शोतोकूने ६०७ मध्ये स्थापला. पुढे ६७० मध्ये आग लागली आणि तो पुन्हा बांधला, असं जुना इतिहास सांगतो. तरीही आज जगातल्या सर्वात जुन्या लाकडी इमारती इथल्याच मानल्या जातात. इसेत नेमाने नवं करायचं आणि होर्यूजीत जुनं जपायचं, अशा दोन्ही रीती एकाच देशात आहेत हे लक्षात ठेवा. इथल्या मुख्य मंदिरात, म्हणजे कोन्दोमध्ये, सातव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास काढलेली भित्तिचित्रं होती. त्यातला एक बोधिसत्त्व डोकं किंचित कलवून, कमरेत हलकेच वळून उभा आहे. चित्राचं नाव वाचायच्या आधीच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हा तर अजिंठ्याचा."

हे त्या पहिल्याच म्हणाल्या असं नाही. ओकाकुरा काकुझो नावाचे मोठे जपानी कलाचिंतक १९०२ मध्ये भारतात होते, त्यांनी अजिंठा पाहिला आणि तेव्हापासून जपानी अभ्यासक या दोन भिंतींचं नातं शोधत आले. सरळ रेघ ओढता येत नाही. मधे मध्य आशिया आहे, चीन आहे, कोरिया आहे, दोनशेहून अधिक वर्षं आहेत. बौद्ध धर्म जपानला पोचला तोच कोरियातल्या पेकचे राज्यातून, सहाव्या शतकाच्या मध्याला. म्हणजे कित्ता हातोहात गेला. प्रत्येक हाताने थोडं आपलं घातलं. पण उभं राहण्याची ती ढब शेवटपर्यंत ओळखू येते.

आणि मंडळी, तो पहिला कित्ता कुणाच्या राज्यात लिहिला गेला? इथे आपण ज्या मातीत बसलो आहोत तिथल्या राजांच्या. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेने, सर्वसेन राजाने, इथे राजधानी केली. त्या शाखेचा हरिषेण हा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला राजा. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवून दान दिलं. तसा लेखच त्या लेण्यावर आहे. त्या लेखात ही राजावळ होती, पण दगड झिजलेला, नावं नीट लागत नव्हती. मग १९३९ मध्ये वाशिमलाच विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला, त्याच्या राज्याच्या ३७व्या वर्षाचा, थोडा संस्कृत आणि थोडा प्राकृत. त्याच्या आधाराने महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला आणि वत्सगुल्म शाखेची साखळी जुळली. आपल्या गावच्या तांब्याच्या पत्र्याने अजिंठ्याचा दगड वाचता आला. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? आम्ही महाविद्यालयात विचारून पाहायचो. वर्गात चार हात वर झाले तर आनंद व्हायचा.

आता या दोन भिंतींना जोडणाऱ्या एका माणसाची गोष्ट. त्याचं नाव आराई काम्पो. जन्म १८७८ चा. व्यवसायाने चित्रकार, आणि त्यातही जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात वाकबगार. रवींद्रनाथ ठाकूर १९१६ मध्ये जपानला गेले तेव्हा त्यांनी आराईचं काम पाहिलं आणि त्याला कलकत्त्याला बोलावलं. आराई आला. इथे त्याने जपानी कुंचला शिकवला, आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात सहकाऱ्यांबरोबर अजिंठ्याला राहून भिंतींच्या प्रतिकृती केल्या. आपण मालेगाव, मेहकर, चिखली, बुलढाणा करत अजिंठ्याला एका दिवसात जाऊन येतो. तो मात्र समुद्रापलीकडून आला. आपण जसे जपानमध्ये पहिल्यांदा गेलेले प्रवासी, तसाच तो इथे. फरक इतकाच की आम्ही फोटो काढून पुढे सरकलो. तो एका चेहऱ्यासमोर दिवसच्या दिवस बसला.

त्या प्रतिकृतींचं पुढे काय झालं? त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो परिसरात महाभूकंप झाला, आगी लागल्या आणि त्या जळून गेल्या. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचं हे दुर्दैव जुनंच आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तिथे वर्षानुवर्षं राहून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून नव्याने काम केलं. त्यातल्याही बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्याच संग्रहालयातल्या आगीत गेल्या. तीन पिढ्यांची मेहनत, तीनदा आग. या सगळ्या आगींत मूळ भिंत मात्र सह्याद्रीच्या कुशीत सुखरूप राहिली.

होर्यूजीत उलटं झालं. १९४० मध्ये तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायचं मोठं काम सुरू झालं आणि त्यासाठी निवडलेल्या चित्रकारांत आराई काम्पो होता. तरुणपणी अजिंठा गिरवलेला हात साठीत होर्यूजी गिरवू लागला. १९४५ मध्ये तो वारला, काम संपलेलं नव्हतं. आणि २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे कोन्दोला आग लागली. बाराशे वर्षं टिकलेल्या चित्रांचे रंग करपून गेले. इमारतीचा बराचसा भाग दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवला होता म्हणून तेवढा वाचला. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला. आजही २६ जानेवारीला, आपण झेंडावंदन करतो त्या दिवशी, जपानभर मंदिरांत आणि संग्रहालयांत आग विझवण्याची कवायत होते.

आज कोन्दोच्या अंधूक उजेडात जी चित्रं दिसतात त्या प्रतिकृती आहेत. १९३५ मध्ये घेतलेल्या मूळ आकाराच्या छायाचित्रांवरून आणि आराईच्या पिढीने केलेल्या कामावरून १९६७-६८ मध्ये नामवंत चित्रकारांनी त्या पुन्हा केल्या. म्हणजे अजिंठ्यात मूळ राहिलं आणि नकला जळल्या, होर्यूजीत मूळ जळलं आणि नकलांनी ते सांभाळलं. आम्ही त्या प्रतिकृतीसमोर उभे होतो तेव्हा कुणी 'हे तर डुप्लिकेट' म्हणालं असतं तर आम्हाला राग आला असता. ज्याने एखाद्या चित्रासमोर महिनोन्‌महिने बसून त्याची प्रत्येक रेघ हातात उतरवून घेतली, त्याने ते चित्र पाहिलं. आपण बाकीचे शेजारून जातो.

तिसरं ठिकाण प्रवासाच्या कार्यक्रमात नव्हतं. टोकियोत मोकळा दिवस होता, बाकी मंडळी बाजाराला गेली, आम्ही मेजिरो भागात महिला विद्यापीठ पाहायला गेलो. प्रेक्षणीय असं काही नाही हो. शिक्षणसंस्था असते तशी शिक्षणसंस्था. पण महाराष्ट्राच्या एका मोठ्या कामाची बीजं तिथून आली आहेत.

हे विद्यापीठ १९०१ मध्ये नारुसे जिन्झो यांनी काढलं. जन्म १८५८ चा. ते १८९० मध्ये अमेरिकेला गेले, तिथे शिकले, परत येऊन स्त्रीशिक्षणावर पुस्तक लिहिलं आणि मग संस्था उभी केली. त्यांचं सूत्र असं होतं की स्त्रीला आधी माणूस म्हणून शिकवा, मग स्त्री म्हणून, मग देशाची नागरिक म्हणून. आता १८५८ मध्येच जन्मलेले आपले एक गृहस्थ आठवा. धोंडो केशव कर्वे. पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे हिंगण्याच्या माळावर नेला. १९१५ मध्ये काशीच्या शिवप्रसाद गुप्तांकडून त्यांच्याकडे जपानच्या या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका आली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद अण्णांकडे होतं. त्या भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि संस्थेला त्यांच्या आईचं नाव मिळालं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. तेच आजचं एसएनडीटी.

अण्णा जपानला स्वतः गेले ते त्यानंतर. १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते जगप्रवासाला निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका करत टोकियोला पोचले, ते महिला विद्यापीठ पाहिलं आणि एप्रिल १९३० मध्ये परतले. म्हणजे आधी कित्ता गिरवला, चौदा वर्षं चालवून दाखवला आणि मग मूळ पाहायला गेले. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रवाशाने अशी तयारी करून जावं!

ही नक्कल होती का? होती. पण काय बदललं ते पाहा. अण्णांनी शिक्षणाचं माध्यम मातृभाषा ठेवलं, इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून शिकवलं. तेव्हा उच्च शिक्षण मराठीतून ही गोष्ट हसण्यावारी नेली जायची. पदवीलाही त्यांनी बी. ए. म्हटलं नाही, 'गृहीतागमा' म्हटलं. आणि सरकारी मान्यतेची वाट पाहिली नाही. गंमत म्हणजे जपानमधल्या त्या मूळ संस्थेलाही कायद्याने विद्यापीठाचा दर्जा १९४८ मध्येच मिळाला. म्हणजे दोघांनीही आधी पाटी लावली, काम केलं, आणि सरकार मागाहून आलं. नारुसेंनी अमेरिकेचा कित्ता गिरवून आपलं अक्षर काढलं, कर्व्यांनी नारुसेंचा गिरवून आपलं. शू, हा, री.

आता कुणी म्हणेल, सर जपानचे भाट झाले. तसं नाही. जपानने युरोपकडून रेल्वे घेतली, शाळा घेतली, तसं साम्राज्यही घेतलं. ज्या कोरियातून त्यांच्याकडे बुद्ध आला, तोच कोरिया त्यांनी १९१० मध्ये गिळला. रवींद्रनाथांनी १९१६ मध्ये टोकियोला जाऊन, पाहुणे असूनही, या आंधळ्या राष्ट्रवादाबद्दल त्यांना सुनावलं. तिथल्या अनेकांना ते रुचलं नाही. पुढे काय झालं ते हिरोशिमात आपण पाहतोच. म्हणजे कित्ता गिरवायला हात लागतो, पण कोणता गिरवायचा हे ठरवायला विवेक लागतो. तो कुठल्याही कित्त्यात लिहिलेला नसतो.

आता आपल्या घरी येऊ. वाशिम जिल्ह्यात 'कॉपी' शब्द उच्चारला की काय आठवतं? मार्च महिना, दहावी-बारावीची केंद्रं, शाळेच्या भिंतीवर चढलेली पोरं. हसू नका, त्यात आपलीच नातवंडं असतात. ही कॉपी आणि आराई काम्पोची कॉपी, दोन्हींना आपण एकच शब्द लावतो. एक करताना डोळे मिटलेले असतात, हात फक्त चालतो, आणि तास संपला की काहीच उरत नाही. दुसरी करताना माणूस बदलतो.

ही दुसरी कॉपीही आपल्या जिल्ह्याला परकी नाही बरं का. कारंजा लाड. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षं हस्तलिखितं जपली गेली. कुणीतरी बोरू घेऊन बसलं, आपलं नाव इतिहासात राहील अशी आशा न धरता एकेक ओळ उतरवत गेलं. म्हणून दहाव्या शतकातला अपभ्रंश कवी पुष्पदंत आपल्यापर्यंत पोचला. अमरावतीच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी त्या पोथ्या अभ्यासल्या, आणि पुष्पदंताचं 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये कारंजाच्याच ग्रंथमालेत छापून आलं. मराठीच्या जन्माच्या आधीची आपली भाषा कशी वळत होती, ते या पोथ्यांत दिसतं. इसेच्या सुतारांनी लाकडात केलं ते कारंजाच्या लेखकांनी कागदावर केलं. इसेची खेप मात्र २०३३ ला येणार हे ठरलेलं आहे. आपली पुढची खेप कधी? ती अक्षरं वाचणारे लोक आपल्या जिल्ह्यात आज किती उरले, हे मोजायला दोन हातांची बोटं पुरतील की काय, अशी धास्ती वाटते.

म्हणून एक विनंती करून थांबतो. तुमच्यापैकी काहीजण जपानला जायचा बेत करताय, हे चहाच्या वेळी कळलं. जरूर जा. पण जाण्याआधी नातवाला घेऊन अजिंठ्याला जा आणि सोळाव्या लेण्यासमोर त्याला सांगा की हे आपल्या वाशिमच्या राज्यात झालं. त्याच्या हातात मोबाईलऐवजी कागद-पेन्सिल द्या. एकच चेहरा, अर्धा तास. बिघडेल, बिघडू द्या. मग कारंजाला एक चक्कर मारा. त्यानंतर होर्यूजीत गेलात तर तो कलता बोधिसत्त्व तुम्हाला ओळखीचा वाटेल.

वेळ बराच झाला आहे. प्रश्न असतील तर विचारा, आम्ही बसलो आहोत.